ऑफशोअर प्रोजेक्टवर कॉस्ट ॲनालिस्ट: रोजचं काम नेमकं काय असतं?

आकडेमोड_नको

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं फॅक्टरीत कॉस्टिंगला आहे, म्हणजे स्टँडर्ड कॉस्ट, व्हेरियन्स, महिनाअखेरीचं क्लोजिंग, ऑडिटवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं, हे सगळं. आता एका ऑफशोअर विंड प्रोजेक्टवर कॉस्ट ॲनालिस्टची ऑफर येतेय (अजून बांधकाम चालू आहे, वीज सुरू झालेली नाही) आणि जॉब डिस्क्रिप्शन दोनदा वाचूनही चित्र डोळ्यासमोर येत नाही. कमिटमेंट, अक्रुअल, व्हीओडब्ल्यूडी, ईएसी, चेंज रजिस्टर, कंटिन्जन्सी ड्रॉडाउन... यातलं थोडं अकाउंट्समुळे कळतं, बाकी अंदाजच.

इंटरव्ह्यूत ज्या बाई होत्या त्यांनी विचारलं की इन्व्हॉइस आलंच नसेल तर या महिन्यात खर्च किती झाला ते कसं सांगणार. मी म्हटलं जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बघून. तर म्हणाल्या, "जहाजाचं जीआरएन कोण काढतं?" तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

तर प्रश्न असे की हे काम म्हणजे एक्सेल भरणं आहे की त्यात डोकं लागतं, समुद्रावर जावं लागतं का, ऑइल-गॅसवाले आणि विंडवाले यांच्या कॉस्टिंगमध्ये फरक असतो का, आणि त्या एएसीईच्या (कॉस्ट इंजिनिअरिंगवाल्यांची संस्था) सर्टिफिकेटचा उपयोग होतो का. इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी अजिबात नाही हेही सांगून ठेवते.

---

बार्ज_मास्तर

त्या बाईंना काम कळतं, ऑफर घ्या ताई.

आता खरं उत्तर. फॅक्टरीत खर्च मालामागून येतो, माल आला, नोंद झाली, खर्च दिसला. समुद्रात खर्च वेळेमागून येतो. मोनोपाइल (टर्बाइनच्या पायाचा जाड स्टीलचा खांब) ठोकणारं मोठं जहाज, त्याच्या मदतीच्या बोटी, सर्व्हेची टीम, हॅमर, क्रेनवाले, हे सगळं मिळून जो ताफा होतो त्याला स्प्रेड म्हणतात आणि हा स्प्रेड काम करो नाहीतर लाटा मोजत उभा राहो, डे रेट (दिवसाचं भाडं) चालूच राहतो. इन्व्हॉइस येतं महिना-दीड महिन्याने, त्यातही अर्ध्या ओळींवर वाद. म्हणजे लेजर (हिशेबाचं खातं) उघडून बसलात तर तुम्ही कायम जुनीच बातमी वाचताय.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे धरलेत. ६० मोनोपाइल बसवायचेत, बजेट ९० दिवसांचं, म्हणजे एकाला दीड दिवस (हवामानाचा थांबा धरून), स्प्रेडचा दर दिवसाला २ लाख युरो. एकूण १ कोटी ८० लाख. ३० दिवस उलटले आणि १४ बसले. लेजरमध्ये दिसतंय फक्त पहिल्या पंधरवड्याचं इन्व्हॉइस, ३० लाख. फायनान्सवाले खूश, कारण बजेटप्रमाणे ६० लाख व्हायला हवे होते आणि झालेत निम्मे.

प्रत्यक्षात ६० लाख केव्हाच गेलेत, बिल यायचंय एवढंच. ते ६० लाख म्हणजे तुमचं व्हीओडब्ल्यूडी, व्हॅल्यू ऑफ वर्क डन, आणि लेजरमधल्या ३० लाखाशी जो फरक तो अक्रुअल. आता पुढची पायरी: १४ पाइल गुणिले दीड म्हणजे २१ दिवसांचं काम झालं आणि त्याला ३० दिवस लागले, ०.७. याच गतीने गेलं तर ९० भागिले ०.७, जवळजवळ १२९ दिवस. म्हणजे ३८-३९ दिवस जास्त, म्हणजे साधारण ७७ लाख युरो जास्त. लेजर म्हणतंय बचत आहे, आणि तुमचा कागद म्हणतोय भोक पडलंय.

पण थांबा, १२९ हा आकडा तसाच्या तसा रिपोर्टमध्ये टाकणारा ॲनालिस्टही कच्चाच. पहिले चार-पाच पाइल नेहमीच हळू जातात, क्रूचा हात बसायचा असतो, ग्रिपरमध्ये काहीतरी अडकतं, हॅमरची सेटिंग जमत नाही. ते बाजूला काढून उरलेल्यांची गती वेगळी बघायची. आणि उलट बाजूने, उरलेले ४६ पाइल कुठल्या महिन्यांत जाणार? उन्हाळ्यातले ३० दिवस आणि शरदातले ३० दिवस सारखे नसतात. हे दोन्ही धरून जो आकडा येतो तो ईएसी (एस्टिमेट ॲट कम्प्लीशन, काम संपेपर्यंतच्या खर्चाचा अंदाज), आणि त्या आकड्यामागचं कारण तोंडी सांगता येणं, याचाच पगार.

जहाजाचं जीआरएन म्हणजे डीपीआर, डेली प्रोग्रेस रिपोर्ट. चोवीस तासांचा हिशेब असतो त्यात, किती तास काम, किती तास वेटिंग ऑन वेदर, किती तास ब्रेकडाउन, आणि क्लायंटच्या प्रतिनिधीची सही. सकाळी सगळ्यात आधी तोच उघडायचा, मेल नंतर.

---

सॅप_ग्रस्त

एक्सेल भरणं पण आहेच, उगाच रंगवू नका. महिन्यातला पहिला आठवडा सॅप (हिशेब), प्रायमाव्हेरा (शेड्यूल) आणि इकोसिस (कॉस्ट) किंवा जे काही असेल ते, या तिघांचे आकडे जुळवण्यातच जातो. शेड्यूलचा डब्ल्यूबीएस (कामाची विभागणी) वेगळा, कॉन्ट्रॅक्टचा प्राइस शेड्यूल वेगळा, फायनान्सचे कोड वेगळे. सुरुवातीला ज्याने कोडिंग ठरवलं तो प्रोजेक्ट सोडून गेलेला असतो, त्याच्या नावाने बोटं मोडत मॅपिंग शीट चालवायची.

नॉर्वेकडच्या ऑइल-गॅसवाल्यांकडे नॉरसॉक झेड-०१४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात प्रत्येक खर्चाला तीन बाजूंनी कोड लागतो, कुठल्या वस्तूवर, कुठल्या कामासाठी, आणि कुठल्या प्रकारचा खर्च (माणूस, माल, जहाज वगैरे). पहिल्यांदा बघितलं की वैताग येतो पण नंतर कळतं की पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज बांधायला याशिवाय जुना डेटा वापरताच येत नाही. विंडमध्ये जो तो आपापलं चालवतो.

---

जॅकेट_टॉपसाइड

बार्ज मास्तरांचं बरोबर आहे पण त्यांनी जग जहाजाच्या डेकवरूनच बघितलंय असं दिसतं. मी ऑइल-गॅसच्या बाजूचा. आमच्याकडे प्लॅटफॉर्म एकच असतो, साठ सारखे नग नसतात, त्यामुळे १४ झाले ४६ राहिले असा सरळ हिशेब बसत नाही. आमचा पहिला रिपोर्ट खर्चाचा नसतोच, वजनाचा असतो. टॉपसाइडचं (प्लॅटफॉर्मच्या पाण्यावरच्या भागाचं) वजन वाढलं की स्टील वाढतं, वेल्डिंगचे तास वाढतात, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की ठरवलेल्या क्रेन व्हेसलला ते उचलताच येत नाही, मग एकाऐवजी दोन लिफ्ट किंवा दुसरंच जहाज. म्हणून वेट रिपोर्टमध्ये हलकीशी वाढ दिसली की कॉस्टवाल्याने कान टवकारायचे, इन्व्हॉइस यायला अजून वर्ष असतं तेव्हा.

दुसरं, यार्डमधलं (किनाऱ्यावर बांधणी होते तिथलं) अर्धवट काम. सेलअवेची तारीख पाळायची म्हणून केबल ओढणं, पाइपिंगच्या टेस्ट वगैरे तशाच ठेवून प्लॅटफॉर्म समुद्रात नेतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. जे काम यार्डमध्ये एका तासात होतं तेच समुद्रात करायला कितीतरी पट खर्च येतो, कारण माणूस हेलिकॉप्टरने न्यायचा, फ्लोटेलवर (तरंगत्या वसतिगृहात) झोपवायचा, परमिटसाठी ताटकळायचं, वारा आला की क्रेन बंद. तर कॅरीओव्हरची यादी कोणाकडे आहे आणि तिच्यात किती तास आहेत हे सेलअवेच्या आधी विचारणारा ॲनालिस्ट कोणालाच आवडत नाही, पण विचारायचं.

विंड की ऑइल, तर माझं मत: शिकायला ऑइल-गॅस, कारण तिथे प्रोजेक्ट कंट्रोल्सची शिस्त जुनी आहे. पण दबाव जास्त विंडमध्ये. तेलाच्या प्रोजेक्टला तेलाचा भाव वर गेला तर खर्चवाढ झाकली जाते. विंडमध्ये विजेचा दर लिलावात आधीच बांधला जातो आणि खरेदी नंतर होते. नॉरफोक बोरियास या ब्रिटिश विंड प्रोजेक्टचं बघा, व्हॅटनफॉल या स्वीडिश वीज कंपनीने २०२२ च्या ब्रिटिश लिलावात दर मिळवला आणि २०२३ च्या जुलैत खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून काम थांबवलं. तो दर महागाईशी जोडलेला असतो खरा, पण स्टील, जहाजं आणि व्याज त्याच्या फार पुढे पळाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या लिलावात तर ऑफशोअर विंडसाठी एकही बोली आली नाही, कमाल दर ४४ पाउंड प्रति मेगावॅट-तास होता (२०१२ च्या किमतींत), पुढच्या फेरीला सरकारने तो ७३ केला. हे सगळं कोणाच्या तरी एक्सेलमधूनच निघालेलं असतं.

---

आकडेमोड_नको

बापरे, धन्यवाद सगळ्यांना. बार्ज मास्तर, ते उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. पण एक अडलं. पाइल मोजता येतात, १४ म्हणजे १४. जिथे मोजता येत नाही तिथे काय करता? माझा अनुभव असा की प्रॉडक्शनवाल्याला विचारलं किती झालं तर तो "होत आलंय" म्हणतो. इथे इंजिनिअर मला काय उत्तर देणार, मी तर अकाउंट्सची.

---

केबल_ताई

हा प्रश्न बरोबर जागी लागलाय. मी ॲरे केबल (टर्बाइनना जोडणारी) आणि एक्सपोर्ट केबलच्या (किनाऱ्याकडे वीज नेणारी) पॅकेजवर आहे आणि माझ्याकडे रोज हेच.

किती टक्के झालं असं विचारायचंच नाही. विचारायचं काय राहिलंय. टक्के विचारले की माणूस मनातला आकडा सांगतो, राहिलेलं विचारलं की त्याला यादी काढावी लागते, आणि त्या यादीला तास आणि जहाज लावता येतं.

केबलमध्ये तर हा घोळ हमखास. केबल टाकणारं जहाज निघून गेलं, शंभर टक्के लेइंग झालं, सगळीकडे हिरवे चौकोन. पण केबल समुद्रतळावर नुसती पडून आहे, ती पुरायची बाकी, दोन्ही टोकं फाउंडेशनच्या आत ओढून घेतलीत का, टर्मिनेशन (टोकांची जोडणी) झालं का, टेस्ट झाली का, आणि जिथे माती कडक लागली तिथे पुरेशी खोल गेली नाही म्हणून वर दगड टाकायला वेगळं जहाज लागणार का. म्हणून आम्ही पॅकेज सुरू व्हायच्या आधीच वजन ठरवून घेतो, लेइंगला इतके टक्के, बरिअलला इतके, टर्मिनेशन-टेस्टिंगला इतके, आणि टप्पा पूर्ण झाल्याचा कागद आल्याशिवाय श्रेय नाही. रूल्स ऑफ क्रेडिट म्हणतात त्याला. नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचं वजन सुचवतो.

आणि अकाउंट्सची आहे म्हणून बुजू नका. सकाळच्या मीटिंगला कोपऱ्यात बसा, पहिले काही आठवडे तोंड न उघडता, आणि ड्रॉइंग समजत नसेल तर सरळ विचारा. इंजिनिअरला त्याचं काम समजावून सांगायला आवडतं, त्याला आवडत नाही ते महिनाअखेरीला आलेला रिकामा टेम्प्लेट आणि "प्लीज फिल बाय ईओडी".

समुद्रावर जाण्याबद्दल: काम ऑफिसातलंच. पण एकदा तरी जा. विंडला जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) बेसिक सेफ्टी ट्रेनिंग लागतं, दर दोन वर्षांनी रिफ्रेशर, ऑइल-गॅसला बहुतेक ठिकाणी बोसिएट (समुद्रावरच्या आणीबाणीचं ट्रेनिंग), ते चार वर्षं चालतं, त्यात हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करून बाहेर यायला लावतात. मेडिकलही लागतं. कंपनी पैसे देत असेल तर कशाला सोडा.

---

बार्ज_मास्तर

जॅकेट साहेब, डेकवरून बघतो हे खरंय, पैसे तिथूनच वाहून जातात ना. बाकी वजनाचा मुद्दा मान्य.

हवामानाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं आणि नवीन माणूस इथे हमखास फसतो. बजेटमध्ये वेदर डाउनटाइम २० टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि लोक ते वर्षभराला सारखं लावतात. लाटांची उंची मर्यादेच्या खाली असणं पुरेसं नाही, ती सलग तेवढा वेळ खाली राहावी लागते. एका लिफ्टला सलग १२ तास हवे असतील आणि तुम्हाला सहा-सहा तासांच्या दोन खिडक्या मिळाल्या तर कामाच्या दृष्टीने शून्य, पण सरासरीच्या तक्त्यात ते १२ चांगले तास दिसतात.

म्हणूनच यार्डमधला तीन आठवड्यांचा उशीर तीन आठवड्यांचा राहत नाही. कॅम्पेन (समुद्रातल्या कामाची मोहीम) उन्हाळ्यातून घसरून शरदात गेलं की प्रत्येक पाइलचे दिवस वाढतात, आणि त्या जहाजाचा पुढचा चार्टर (भाडेकरार) ठरलेला असेल तर ते काम अर्धवट टाकून निघून जातं, मग पुढच्या सीझनला पुन्हा मोबिलायझेशन (जहाज-माणसं परत आणणं). यार्डवाल्याकडून उशिराबद्दल एलडी (करारातली ठरलेली भरपाई) वसूल कराल ती त्या मानाने चिल्लर, शिवाय तिला वरची मर्यादा असते. तुमच्या फोरकास्टमध्ये फॅब्रिकेशनची लाइन आणि इन्स्टॉलेशनची लाइन एकमेकींना बांधलेली नसेल तर आधी ती बांधा, बाकी रंगरंगोटी नंतर.

---

कलम_दाखवा

मी कॉन्ट्रॅक्ट्सचा. वरच्या चर्चेत सगळ्यांनी धरून चाललंय की थांब्याचे पैसे मालकच देणार. ते कॉन्ट्रॅक्टवर आहे. लमसम (ठोक रकमेचं) असेल तर हवामान बहुतेक कॉन्ट्रॅक्टरच्या अंगावर, बऱ्याचदा मधला मार्ग असतो की इतके दिवस किमतीत धरलेत, त्यापुढचे स्टँडबाय रेटने. मग भांडण यावर की वेदर डे कशाला म्हणायचं. लाटा मोजणाऱ्या कुठल्या तरंगत्या बॉयचं रीडिंग धरायचं, अर्धा दिवस मोजायचा का, आणि लाटा जास्त होत्या त्याच वेळी क्रेनही बिघडली होती तर तो दिवस कोणाचा. ब्रेकडाउन असेल तर जहाज ऑफ-हायर, पैसे नाहीत. डीपीआरमध्ये एका शब्दाने इकडचं तिकडे होतं म्हणून तो वाचताना नुसते तास बेरीज करू नका.

टाइम चार्टर असेल तर इंधन बहुधा तुमचं, सप्लायटाइमसारख्या ठरीव करारात जहाज भाड्याने घेणाराच इंधन भरतो. डे रेटच्या शेजारी हा दुसरा नळ चालू असतो आणि कित्येक फोरकास्टमध्ये तो दिसतच नाही.

व्हेरिएशनबद्दल (कामातल्या बदलांबद्दल) एकच सांगतो. मंजूर झालेले तेवढेच धरायचे असा फायनान्सचा आग्रह असतो. कॉस्ट ॲनालिस्टने तीन खाने ठेवावेत, मंजूर, दाखल केलेले, आणि ज्याची अजून चिठ्ठीही आलेली नाही पण सगळ्यांना माहीत आहे की येणार. तिसऱ्या खान्यावरून मॅनेजर चिडतात, कारण तो खाना कॉन्ट्रॅक्टरच्या हाती लागला तर क्लेम त्याला आयता मिळतो. त्यामुळे तो रिपोर्ट कोणाला जातो याची यादी स्वतः तपासा.

---

जॅकेट_टॉपसाइड

कंटिन्जन्सीबद्दल (राखीव पैशांबद्दल) कोणी लिहिलं नाही. ती उरलेल्या जोखमीसाठी असते, झालेल्या खर्चाला ठिगळ लावायला नाही. दर महिन्याला जोखमीची यादी परत चालवायची, मॉन्टे कार्लो (शक्यता हजारो वेळा चालवून बघणं) करून पी५० आणि पी९० (५० आणि ९० टक्के शक्यतेने न ओलांडणारे आकडे) काढायचे, आणि उरलेली कंटिन्जन्सी त्याला पुरते का बघायचं. निम्मं काम शिल्लक असताना पाऊण कंटिन्जन्सी संपलेली असेल तर तो आलेख पहिल्या पानावर हवा, पुरवणीत नको.

आणि करन्सी. टर्बाइन युरोत, जहाज क्रोनमध्ये, स्टील डॉलरमध्ये आणि रिपोर्ट पाउंडमध्ये असं होऊ शकतं. बजेटचा रेट गोठवून ठेवा आणि विनिमयाचा फरक वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर डॉलर हलला की लोकांना वाटतं प्रोजेक्ट सुधारला.

---

सॅप_ग्रस्त

सर्टिफिकेटचं राहिलं. एएसीईचं सीसीपी (सर्टिफाइड कॉस्ट प्रोफेशनल) चांगलं आहे पण त्याला अनुभवाची अट आहे, आधी नोकरी करा. तोवर त्यांची एस्टिमेटची वर्गवारी समजून घ्या. क्लास ५ म्हणजे अगदी सुरुवातीचा अंदाज, प्रोसेस इंडस्ट्रीसाठी तो खाली २० ते ५० टक्के आणि वर ३० ते १०० टक्के चुकू शकतो असं धरतात. क्लास ३ वर, जिथे साधारण बजेट मंजूर होतं, ते खाली १० ते २० आणि वर १० ते ३०. तुमच्या प्रोजेक्टचं बेसलाइन बजेट कुठल्या क्लासच्या एस्टिमेटवर बांधलंय हे विचारा. ते कळलं की निम्म्या खर्चवाढीचं आश्चर्य वाटणार नाही.

---

आकडेमोड_नको

उद्या एचआरशी परत बोलणं आहे, पगाराशिवाय काय विचारू?

---

केबल_ताई

रिपोर्टिंग कोणाकडे ते विचारा. प्रोजेक्ट कंट्रोल्सकडे असेल तर फोरकास्ट तुमचा असेल, कॉर्पोरेट फायनान्सकडे असेल तर बहुतेक दुसऱ्याचे आकडे गोळा करायचं काम. मग प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे. फाउंडेशनचं कॅम्पेन अजून सुरू व्हायचं असेल तर उत्तम, सगळं पहिल्यापासून बघायला मिळेल. टर्बाइन अर्धे उभे असतील तर तुम्हाला क्लेम आणि क्लोजआउटसाठी घेतायत, तेही वाईट नाही पण कलम_दाखवा यांच्या खात्यात बसल्यासारखं होईल. आणि आधीचा ॲनालिस्ट का गेला तेही.

---

कलम_दाखवा

आमच्या खात्यात चहा चांगला मिळतो. आणि डीपीआर रोज थेट तुम्हाला मिळणार का हेही विचारा, की महिन्यातून एकदा कोणीतरी फॉरवर्ड करणार.